जो मारील तो धरील

खलीलमामूंची नि माझी ओळख एका थपडेने झाली. थप्पड मला नव्हती.

मी वसईहून बहरीनला नुकतीच आले होते. कोरा करकरीत युनिफॉर्म, ताजं सर्टिफिकेट आणि स्वतःबद्दल भलताच गैरसमज. मनामातल्या एका इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत मला टाकलेलं. ड्रेसिंग रूमचं दार उघडलं तर आत टेबलावर एक माणूस पडलेला, कपाळापासून टाळूपर्यंत फाटलेला. उशाशी दुसरा उभा. त्याच्या नाकाचा पार चेंदा झालेला, शर्ट रक्ताने अंगाला चिकटलेला आणि हातात पहिल्याची सलाईनची बाटली. त्याचा हात जरासा खाली आला. टाके घालणाऱ्या पिकल्या दाढीच्या ड्रेसरने हातातला टाका तसाच सोडला, वळला आणि त्या नाक फुटलेल्याच्या कानाखाली असा आवाज काढला की मीच भिंतीला जाऊन लागले.

"वर धर! खांद्याच्या वर! नळीत बघ काय चढतंय ते!"

नळीत रक्त चढत होतं. बाटली खाली आली की पेशंटचं रक्त उलटं नळीत येतं, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. त्या माणसाला ते त्या क्षणी कळलं. त्याने घाबरून हात असा वर नेला की काखेत शर्ट टरकला.

"जेजू! पेशंटला कसले मारता?" मी ओरडले. "आणि तो स्टँड काय शोभेला ठेवलाय कोपऱ्यात?"

ड्रेसरने, म्हणजे खलीलमामूंनी, माझ्याकडे बघितलंही नाही. पुढचा टाका घालत तोंडाच्या एकाच बाजूने म्हणाले, "स्टँड हाय, बाय. पण स्टँडनं नाय फोडलं ह्याचं डोकं. ह्यानं फोडलंय."

भांडण कशावरून, तर टेबलफॅनवरून. मजुरांच्या कँपातली पत्र्याची खोली, जुलै महिना, माणसं आठ आणि फॅन एक. फॅनचं तोंड कुणाकडे, यावरून एकाने तवा उचलला, दुसऱ्याने मूठ. पुढे सोळा वर्षं मी हेच बघितलं. लोक आता मला विचारतात, गल्फमध्ये तेव्हा मजा असेल ना? मजा! कुणी पान्याने कुणाचा गुडघा फोडलेला, कुणी उकळतं तेल फेकलेलं, कुणी कान चावून तोडलेला आणि तो कान रुमालात बांधून तिसराच कुणी घेऊन आलेला. ऊन माणसाचं काय करतं ते कॅज्युअल्टीच्या फरशीवर दिसायचं. सकाळी पुसलेली फरशी दुपारी पुन्हा पुसावी लागायची.

त्या फरशीवर खलीलमामूंचा एकच कायदा होता: जो मारील तो धरील. मारामारीतले दोघे एकत्र आले की ज्याला कमी लागलंय त्याच्या हातात दुसऱ्याची बाटली. स्टँड कोपऱ्यात. हात भरून आला तर दुसऱ्या हातात घ्यायची, पण खाली ठेवायची नाही. आणि नळीकडे बघायचं. दुसरीकडे बघितलं की थप्पड.

त्या दिवशी काम आटोपून मी बाहेर आले तर दोघे एकाच बाकावर बसलेले.  नाक फुटलेला मध्येच उठून दुसऱ्याची पट्टी भिजली का ते बघत होता.

"खलास?" मामूंनी जाता जाता विचारलं.

"खलास, मामू."

मी मनात म्हटलं, हा म्हातारा एक तर वेडा आहे नाहीतर बदमाश आहे. दोन्ही नव्हते हे कळायला मला वेळ लागला.

मामू रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका कोकणी मुसलमान वस्तीतले. अंगाने बांबूची काठी. खालचा जबडा उजवीकडे सरकलेला, त्यामुळे बोलणं डाव्या कोपऱ्यातून आणि चावणंही डाव्याच बाजूने. भाकरी चहात बुडवून बुडवून खायचे आणि मला म्हणायचे, "तू चाव गो. तुझ्या दातांना काय धाड भरलीय?" तोंड फाटकं, हात मात्र असा की टाके घालताना पेशंट झोपी जायचा. सिगारेट नाही, पान नाही, पत्ते नाहीत. व्यसन एकच, रेडिओ. दुपारच्या सुट्टीत आधी लंडनच्या हिंदी बातम्या लावायचे, मग मॉस्कोच्या हिंदी बातम्या, आणि दोन्हीकडच्या निवेदकांना सारख्याच मापाच्या शिव्या घालायचे.

"दोघंपण खोटं बोलतात," म्हणायचे, "पण एका वेळेला नाय बोलत. पाळी लावून घेतलीय मेल्यांनी."

तेव्हा आपल्या लोकांत हा वाद जोरात असायचा. मेसमध्ये एक बाजू रशियाची, एक अमेरिकेची. कुणाची क्षेपणास्त्रं लांब जातात, कुणाचा गहू चांगला, कोण आपल्याला लढाईत मदत करणार, यावरून ताटं आपटायची. मामू तिथून गेले की कुणीतरी मुद्दाम विचारायचं, "मामू, तुम्ही कुणाकडून?" मामू सरकलेला जबडा पुढे करून दाखवायचे.

"हा बघ. त्यांच्या भांडणाचा पहिला फटका माझ्यावर पडलाय. मी कुणाकडून असणार?"

लोक हसायचे. मीही हसले होते. म्हाताऱ्याची फेकाफेक, दुसरं काय.

मामूंचा कायदा एकदा चांगलाच अंगाशी आला. बुदैयाच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर नि एक पिकअप घासले होते. दोन्ही ड्रायव्हर खाली उतरले आणि टँकरवाल्याने जॅकच्या दांड्याने पिकअपवाल्याच्या बरगड्या मोडल्या, खांदा निखळवला. मामूंनी नेहमीप्रमाणे टँकरवाल्याच्या हातात बाटली दिली. तो धरून उभा राहिला. टेबलावरचा कण्हता कण्हता त्याच्या आईबद्दल काहीतरी बोलला. त्याबरोबर ह्याने बाटली टेबलाच्या कडेवर फोडली आणि हातात उरलेली काच घेऊन त्याच्या गळ्यावर गेला.

मध्ये मामूंचा हात आला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडं उलटं झालं. मी पेशंटवर आडवी पडले, माझ्या पाठीवर गरम काहीतरी पडलं आणि मला वाटलं मीच कापली गेले. ते मामूंचं रक्त होतं. मामूंनी त्या माणसाच्या गुडघ्यावर लाथ घातली, तो खाली बसला तसं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, अजून एकदा. वॉर्डबॉय धावत आले, पोलीस आला. मामूंनी हाताला टॉवेल गुंडाळला, मला म्हणाले, "दुसरी बाटली आण," आणि ती त्याच माणसाच्या हातात दिली.

"आता ही फोड. मग तिसरी देतो. गोदामात खूप हाईत."

 त्या माणसाने बाटली धरली. डोक्यातून रक्त गळत होतं, पण ती संपेपर्यंत धरून राहिला. शेवटी शेवटी लहान पोरासारखा रडायला लागला तेव्हा मामूंनी त्याची खोक शिवायला घेतली.

आमची मेट्रन विलायतेची होती. बाई वाईट नव्हती, पण शिस्तीची पक्की. तिने मामूंना ऑफिसात बोलावलं. दुभाषी म्हणून मी. यापुढे मारामारीतले दोघे आले तर दोन खोल्या, मध्ये बंद दार. हे बाटलीचं नाटक पुन्हा दिसलं तर व्हिसा कॅन्सल, सरळ घरी. मी ते मामूंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सलाम केला. बाहेर आल्यावर मात्र भडकले.

"दोन खोल्या! दोन खोल्या केल्या ना बाय, की दाराला शिपाई लागतो. शिपाई लागला की त्याच्या हातात बंदूक लागते. मला नको सांगू. मी बघितलंय कसं होतं ते."

"काय बघितलंय?" मी चिडून विचारलं. "सदानकदा बघितलंय बघितलंय! त्या काचेनं गळा गेला असता ना त्याचा, मग काय केलं असतंत? सांगा तरी एकदा."

सांगितलं त्यांनी, पण त्या दिवशी नाही. पुढे दुपारी आम्ही गॉजच्या घड्या घालत बसायचो तेव्हा, तुकड्यातुकड्याने. आज थोडं, मग आठवडाभर गप्प, मग अजून थोडं. मी ते सलग करून सांगते.

मोठ्या लढाईत मामू ब्रिटिश फौजेत होते, ॲम्ब्युलन्सवर शिपाई, मिसरूड फुटलेलं पोर. त्यांच्याच वस्तीतला दाऊद लॉरी चालवायचा. इराणात तेव्हा दक्षिणेला इंग्रज बसले होते, उत्तरेला रशियन, आणि दोघे मिळून जर्मनाशी लढत होते. अमेरिकेहून आलेल्या लॉऱ्या, पीठ, बूट, सगळं खालच्या बंदरात उतरायचं आणि आपली पोरं ते डोंगर चढून रशियनांच्या हवाली करायची. जिथे हवाली करायचं तिथे रस्त्याच्या कडेला मुसाफिरांच्या एका जुन्या सराईत इस्पितळ होतं. ते दोघांचं मिळून. एका खाटेवर आपला शिपाई, शेजारच्या खाटेवर त्यांचा.

तिथे रशियनांचा एक मदतनीस होता, स्तेपान. मामूंच्याच वयाचा, लाल केसांचा, हाताचे पंजे फावड्याएवढे. एका थाळीत जेवायचे दोघे. मामू त्याला भात खायला शिकवत, तो मामूंना त्याची भाषा. ख्लेब म्हणजे पाव. बोल्ना म्हणजे दुखतंय. आणि हा बाटलीचा कायदा स्तेपानचा. थंडीत अडकलेले शिपाई पण भांडायचेच. आपला एक आणि त्यांचा एक एकमेकांना फोडून आत आले की स्तेपान ज्याला कमी लागलंय त्याच्या हातात दुसऱ्याची बाटली द्यायचा. स्टँड तिथे नव्हताच, कुणीतरी धरायलाच हवी होती.

"त्याची थप्पड खाल्ली असतीस ना गो," मामू म्हणायचे, "तर माझी तुला लाडाची वाटली असती."

मग दाऊदची लॉरी घाटात बर्फावरून उलटली. दोन्ही पाय चिरडले. त्याला ह्याच इस्पितळात आणला. एक पाय कापला, दुसरा वाचेल की नाही सांगता येईना. आणि त्याच सुमाराला लढाई संपली.

इथे आले की मामूंच्या हातातली घडी थांबायची.

"जर्मन हरला, त्या दिवशी आम्ही एकत्र नाचलो. स्तेपाननं मला खांद्यावर घेतलेला. आनि पानं गळायला लागली तशी हुकूम यायला लागले. इंग्रजांची माणसं खाली जा. रशियनांची इथंच राहतील. का राहतील? तर जाणार होते, पण जात नाय. तेल हाय खाली. त्यांना वरचं पायजे, ह्यांनी खालचं आधीच धरून ठेवलेलं. घरात चोर शिरला होता तोवर दोघे शेजारी काठ्या घेऊन एकत्र. चोर गेल्यावर घर कुणाचं ह्याच्यावरून काठ्या."

दुसऱ्या पायातला पू महिने गेले तरी हटेना, दाऊदला साध्या लॉरीतून हलवण्यासारखी स्थिती नव्हती. मामूंनी त्याला सांगितलं, मी गाडी घेऊन येतो, तुला घेऊनच जातो. स्तेपान म्हणाला, तोवर मी बघतो. मामू खाली आले, साहेबाच्या मागे लागले, शेवटी ॲम्ब्युलन्स मिळाली. वर गेले तर सराईच्या अलीकडे, काझवीनच्या रस्त्यावर, लाकडी ओंडका आडवा टाकलेला. ओंडक्यामागे शिपाई, शिपायांमागे त्यांचा अधिकारी. शिपायांत स्तेपान, हातात रायफल. मदतनिसाला पण रायफल दिली होती.

मामू हसत खाली उतरले. हाक मारली. स्तेपान हसला नाही.

"एकच शब्द बोलत होता. नेल्झ्या. म्हणजे मनाई. मी म्हटलं, अरे, दाऊद आत हाय, आपला दाऊद! नेल्झ्या. इथून दिसत होती गो सराई. धूर दिसत होता चुलीचा. मी ओंडक्याला हात घातला, उचलला पण. आनि त्यानं दस्ता फिरवला."

रायफलचा दस्ता जबड्यावर बसला. मामू बर्फात पडले, तोंडातून दात नि रक्त. मागे ॲम्ब्युलन्सबरोबर आलेला आपला गोरा साहेब जीपमध्येच बसून होता. तो उतरलाच नाही. दोन शिपायांकडून मामूंना उचलून गाडीत घातलं आणि म्हणाला, आता ते आपले राहिले नाहीत.

दाऊदचं पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही. मेला असणार, पण कसा, कुठे, कुणाजवळ, काही नाही. इंग्रज म्हणाले त्यांना विचारा. त्यांनी उत्तर दिलं नाही.

आता खरी गोष्ट सांगते. जैनबमामी, मामूंची बायको, ही दाऊदची बहीण. लग्न लढाईच्या आधीच ठरलेलं. दोघे गेले होते, एकटे मामू परत आले. लग्न झालं, मुलं झाली, मामू बहरीनला आले. पण दर रजेला घरी गेले की पहिल्या जेवणाला ती वाढता वाढता विचारायची, "माझ्या भावाला कुणाच्या हवाली करून आलास?" भांडण नाही, रडणं नाही, फक्त तेवढं विचारायची आणि मासळीचं कालवण वाढायची.  रजा जवळ आली की माणूस आक्रसायचा. एकदा तर मिळालेली रजा त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकली. मी विचारलं तर म्हणाले, "काय सांगू तिला? ज्यानं माझं थोबाड फोडलं त्याच्या हवाली केला म्हणून सांगू?" मला तेव्हा त्या दोघांचीही इतकी दया आली, आणि त्या साहेबांचा, दोन्हीकडच्या, असा संताप आला की हातातली कात्री मी ट्रेमध्ये आपटली.

वर्षं गेली. मेट्रनची पाठ वळली की मामूंचा कायदा चालू, आणि दारावर पहारा माझा. मामू साठीच्या पार गेले. रिटायर व्हा म्हटलं की "इंशाल्ला" म्हणून विषय बदलायचे. शेजारच्या लढाईतली रॉकेट समुद्रात जहाजांवर पडायला लागली होती ते दिवस. एका दुपारी बंदरावरून एकाला आणलं. परक्या मालवाहू जहाजावरचा खलाशी, बॉयलरपाशी वाफेने छाती भाजलेली, पडून डोक्याला खोक. पन्नाशीचा, दांडगा. दुखण्याने पार पिसाळला होता. एका वॉर्डबॉयच्या पोटात लाथ बसली, तो ओकत बाहेर गेला. मी एका हातात कशीबशी सुई घातली, ती त्याने उपटली. फरशीभर रक्त आणि सलाईन.

"मामू!" मी हाक मारली. रागावलेल्या पेशंटसाठी आम्ही सगळे त्यांनाच हाक मारायचो.

मामू आले. हात पुढे केले, नेहमीसारखे सावकाश. त्या माणसाने ते हात झिडकारले आणि ओरडला, "नेल्झ्या! नेल्झ्या!"

हात लावू नका, एवढंच म्हणत असणार बिचारा. भाजलेल्या छातीला कोण हात लावू देईल?

मामूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला. तसा चेहरा मी मारामारीतल्या माणसांचा पाहिला होता, त्यांचा कधी नाही. त्यांनी मूठ वळली आणि त्या माणसाच्या जबड्यावर हाणली. पुन्हा हाणली. तो टेबलावरून अर्धा खाली आला तरी ह्यांची मूठ चालूच. "कुठं हाय तो? कुठं टाकलात त्याला? बोल!" मराठीत. तो रशियन, रत्नागिरीची बोली त्याला कसली कळतेय? त्याचा ओठ फाटला, दात फरशीवर पडला, त्याने मामूंची दाढी धरून उपटली. मी मामूंच्या कमरेला मिठी मारून ओढत होते. साठीतला काडीचा माणूस, पण हलेना. शेवटी मी त्यांच्या दंडाला कडकडून चावले. हो, चावले! तेव्हा कुठे थांबले.

 रशियन धापा टाकत आडवा, तोंडातून रक्त. मामू भिंतीला टेकून, मुठीची कातडी निघालेली. आपल्या हाताकडे असे बघत होते जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"मी मारलं, बाय," म्हणाले.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी नवीन सुई लावली. आता तो हलला नाही. स्टँडला लावलेली बाटली काढली, स्टँडला पायाने असा धक्का दिला की तो आडवा झाला, आणि बाटली मामूंपुढे केली.

"धरा."

त्यांनी मूठ पाठीमागे नेली.

"धरा म्हणते ना! कायदा तुमचाच आहे."

धरली. खांद्याच्या वर.

आरडाओरडा ऐकून मेट्रन आली. फरशीवरचं रक्त, दात, पेशंटचं तोंड, मामूंची मूठ, सगळं तिने बघितलं. काय झालं ते मी सांगितलं, लपवण्यासारखं उरलंच काय होतं? ती मामूंना म्हणाली, उद्यापासून येऊ नका. मामू नळीवरची नजर न काढता मला म्हणाले, "सांग तिला, जातो. ही संपू दे." मी सांगितलं.  मेट्रनने स्वतः वाकून तो पडलेला स्टँड उचलला, भिंतीला लावून ठेवला, आणि गेली.

मी त्या माणसाची छाती साफ करत होते. त्याने एकदा डोळे उघडले. वर बाटली, बाटलीखाली मामू. मामूंनी विचारलं, "बोल्ना?" त्या माणसाच्या भुवया वर गेल्या. "बोल्ना," तो म्हणाला आणि ज्या हाताला सुई नव्हती तो हात त्याने मामूंच्या कोपराखाली टेकू म्हणून लावला.  पहिली बाटली संपली, मी दुसरी दिली. ती निम्मी झाली तेव्हा मामू रडायला लागले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तसेच रडत राहिले. मी पुसले नाहीत. माझेच हात मलमाने बरबटलेले होते आणि मलाही रडू येत होतं.

पुढच्या आठवड्यात सकाळच्या विमानाने मामू निघाले. माझ्या नवऱ्याच्या गाडीतून आम्ही त्यांना मुहर्रकला विमानतळावर सोडायला गेलो. एक पिशवी, एक रेडिओ. वाटेत रेडिओ मांडीवर घेऊन बसले, पण लावला नाही. मला वाटलं नोकरी अशी गेली, त्याचं मनाला लागलंय. आत जायची वेळ झाली तेव्हा मला बाजूला घेतलं.

"बाय, आता जैनब विचारील."

"विचारू दे मामू. काय करणार?"

"नाय, ऐक. बाटलीचा कायदा माझा नाय. स्तेपानचा हाय. तुला सांगितलेला."

"सांगितलेला."

"चाळीस वर्षं मी नुसता तो दस्ता बघत राहिलो गो. पुढचं बघितलंच नाय. परवा हात वर करून उभा होतो ना, तेव्हा दिसलं. त्यानं मला मारलं. मग गेला कुठं तो? बंदूक ठेवून सराईतच गेला असणार. तिथं दाऊद." मामूंचा सरकलेला जबडा हलत होता. "मारलं त्यानं मला. म्हणजे दाऊदची बाटली त्याच्याच हातात असणार. संपेपर्यंत असणार. हे सांगतो तिला. माणसाच्या हवाली केला होता म्हणून सांगतो."

मी नर्स आहे. हुकमाने बंदूक धरलेला माणूस परत जाऊन काय करतो, काय नाही, ते मी शपथेवर सांगू शकत नाही. खरं काय झालं ते देवालाच ठाऊक.

"असणारच, मामू," मी म्हटलं. "दुसरं कोण धरणार?"

ते आत गेले. पलीकडे काचेतून दिसत होते. पिशवी दोन पायांच्या मध्ये ठेवलेली, आणि आमच्याकडे तोंड करून उजवा हात खांद्याच्या वर धरून उभे होते. हलवत नव्हते.